ग्रँड टीटॉनचे पांढरे बकरे: दुर्गम डोंगरातल्या एका शिकारमोहिमेचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत सहसा शिकारीला बंदी असते. तरीही २०२० च्या शरद ऋतूत, १४ सप्टेंबर ते १३ नोव्हेंबर या काळात, वायोमिंग राज्यातल्या ग्रँड टीटॉन राष्ट्रीय उद्यानाने १०८ सामान्य माणसांना रायफली घेऊन आपल्या सर्वांत अवघड कड्यांवर जायला बोलावलं. काम एकच होतं: दिसेल तो माउंटन गोट, म्हणजे कड्यांवर राहणारा पांढरा रानटी बकरा, मारायचा. नर असो, मादी असो, पिल्लू असो.

हे प्रकरण मी निवडलं, कारण शिकारीच्या नियोजनाबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक शिकाऱ्याच्या बाजूने असतं. कोणती रायफल घ्यावी, कोणते बूट, किती दिवसांचं अन्न. मुळात या डोंगरात या जनावराच्या मागे का जायचं, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. ग्रँड टीटॉनमध्ये तो आधी आला आणि बाकीचं सगळं त्याच्या उत्तरातून ठरत गेलं. एकदा ते उत्तर चुकीच्या क्रमाने अंमलात आणलं गेलं, तेव्हा मोहीम एका दिवसात बंदही पडली.

बकरे आले कुठून

माउंटन गोट उत्तर अमेरिकेचाच, पण टीटॉनचा नाही. त्याचं मूळ घर अलास्कापासून वायव्य अमेरिकेपर्यंतचे डोंगर. घरगुती बकरीपेक्षा तो हिमालयातल्या घोरल आणि ताकिनसारख्या प्राण्यांच्या गटाशी जास्त मिळताजुळता आहे. १९६९ ते १९७१ च्या दरम्यान शेजारच्या आयडाहो राज्याने काही बकरे स्नेक रिव्हर पर्वतरांगेत आणून सोडले. हेतू उघड होता: शिकाऱ्यांना एक नवं, देखणं जनावर मिळावं. कळप तिथे रुजला, वाढला आणि उत्तरेकडे सरकू लागला. टीटॉनच्या उद्यानात पहिला बकरा १९७७ मध्ये दिसला. पुढची तीसेक वर्षं अधूनमधून एखादा भटका नर दिसायचा. २००८ च्या सुमारास पिल्लांसह माद्या दिसू लागल्या, म्हणजे बकरे तिथे वस्तीला आले होते. आणखी दहा वर्षांत आकडा शंभराच्या घरात गेला.

हे बकरे टीटॉन रांगेच्या मधल्या भागात, कॅस्केड दरीपासून उत्तरेला स्नोशू दरीपर्यंतच्या कड्यांवर स्थिरावले. त्याच रांगेच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना मूळच्या रहिवासी असलेल्या बिगहॉर्न रानमेंढ्या राहतात. सगळ्या मिळून सुमारे शंभर-सव्वाशे.

मेंढ्यांची बाजू

माझी सहानुभूती कुठे आहे हे लपवत नाही. या मेंढ्यांची अवस्था वाचली की पोटात तुटतं.

पूर्वी त्या हिवाळ्यात डोंगर उतरून खालच्या खोऱ्यांत, कमी बर्फाच्या जागी जायच्या. मग खोऱ्यात वस्ती झाली, रस्ते आले, कुंपणं आली. खाली जाण्याच्या वाटा तुटल्या आणि त्या वाटा ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या माद्याही पिढ्यांबरोबर संपल्या. आता या मेंढ्या हिवाळाभर वरच, वाऱ्याने बर्फ उडवून लावलेल्या उघड्या धारांवर थांबतात. तिथे खायला फारसं काही नसतं. उन्हाळ्यात अंगावर चढवलेल्या चरबीवर त्या वसंतापर्यंत तग धरतात. थोडं पळावं लागलं तरी ती शिल्लक कमी होते. इतर कळपांशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे बाहेरून नवं रक्त येत नाही.

अशा ठिकाणी शंभर बकरे आले. तेही हिवाळ्यात तशाच धारा शोधतात, तेच गवत खातात आणि समोरासमोर आले तर मेंढी मागे हटते. पण चाऱ्यापेक्षा मोठी भीती आजाराची आहे. पश्चिम अमेरिकेतले रानमेंढ्यांचे कितीतरी कळप न्यूमोनियाच्या साथींत कोसळले आहेत. त्यामागचे जंतू घरगुती मेंढ्या-बकऱ्यांकडून येतात आणि माउंटन गोटही ते वाहू शकतो. टीटॉनच्या पश्चिम उतारावर घरगुती मेंढ्यांच्या चराईचे परवाने होते. रानमेंढ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आणि वनखात्याने मेंढपाळांना मोबदला देऊन, त्यांच्या संमतीने, ती चराई बंद करवली होती. एवढा खटाटोप करून जे दार लावलं, तेच बकऱ्यांच्या रूपाने पुन्हा उघडत होतं.

म्हणून उद्यानाने उद्दिष्ट ठेवलं ते बकरे नियंत्रणात ठेवण्याचं नव्हे, तर ते पूर्ण काढून टाकण्याचं. शिकारीच्या नियोजनात हा फरक प्रचंड आहे. नेहमीच्या माउंटन गोट शिकारीत मादी वाचवायची असते. मादी साधारण चार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, बहुधा एकच पिल्लू देते. दोन-चार माद्या जास्त मारल्या गेल्या तरी छोटा कळप खचतो. त्यामुळे चांगला शिकारी तासन्‌तास दुर्बिणीला डोळा लावून बसतो. शिंगं दोघांनाही असतात आणि काळीच असतात. नराची बुडाशी जाड आणि सारख्या बाकाची, मादीची बारीक, बरीचशी सरळ जाऊन टोकाशी मागे वळलेली. लघवी करताना मादी खाली बसते, नर पुढे ताणून उभा राहतो. ही खूण लांबूनही चुकत नाही. कळपापासून दूर, एकटा राहणारा म्हातारा नर हेच तिथलं लक्ष्य.

टीटॉनमध्ये हे सगळं उलटं झालं. इथे एका म्हाताऱ्या नरापेक्षा एक तरणी मादी काढणं मोहिमेला जास्त मोलाचं होतं. ज्याने उमेदीची सगळी वर्षं मादीवर नेम धरायचा नाही असंच शिकलं, त्या माणसाला हे सांगणं सोपं नसावं.

तीन हत्यारं आणि त्यांचा क्रम

पहिलं हत्यार राज्याच्या परवान्याचं. उद्यानाची पश्चिम हद्द डोंगराच्या माथ्याजवळून जाते. पलीकडे राष्ट्रीय वनातला जेडेडिया स्मिथ हा संरक्षित रानप्रदेश आहे आणि तिथे शिकार चालते. २०१९ मध्ये वायोमिंगने तिथे बकऱ्यांच्या शिकारीसाठी नवा विभाग आखून ४८ परवाने दिले. एरवी या राज्यात माउंटन गोटचा परवाना माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. इथे ती अट ठेवली नाही. त्या हंगामात २३ बकरे मारले गेले. अशा भूभागात हे वाईट नाही. पण हद्दीच्या अलीकडे, उद्यानात, राज्याचा परवाना चालत नाही आणि बहुतेक बकरे अलीकडेच होते.

दुसरं हत्यार हेलिकॉप्टरचं. उद्यानाने २०१८ च्या डिसेंबरात आराखडा लोकांसमोर ठेवला आणि २०१९ च्या शरदात तो मंजूर झाला. त्यात हवेतून मारणं आणि प्रशिक्षित स्वयंसेवकांनी जमिनीवरून मारणं, दोन्ही होतं. उद्यानाने आधी हेलिकॉप्टर हातात घेतलं. कागदावर त्याला भक्कम कारणं होती. हिवाळ्यात अस्वलं झोपलेली असतात, पर्यटक थोडे असतात, बकरे मोजक्या धारांवर गोळा होतात आणि बर्फात त्यांचे माग वरून स्वच्छ दिसतात. जानेवारी २०२० चा पहिला मुहूर्त हवामानाने हुकवला. २१ फेब्रुवारीला हेलिकॉप्टर उडालं आणि त्या एका दिवसात ३६ बकरे मारले गेले.

त्याच दिवशी मोहीम थांबली. राज्याचे गव्हर्नर मार्क गॉर्डन यांनी आधीच कडक शब्दांत विरोध कळवला होता. राज्याच्या वन्यजीव आयोगानेही विरोध नोंदवला होता. अखेर केंद्रातले तेव्हाचे अंतर्गत मंत्री डेव्हिड बर्नहार्ट यांनी, ज्यांच्या खात्याखाली राष्ट्रीय उद्यानं येत, उद्यानाला थांबायला सांगितलं. बकरे मारू नयेत असं त्या विरोधात कुणी म्हणत नव्हतं. म्हणणं असं होतं, की जे काम शिकारी पायी जाऊन करायला तयार आहेत, ते यंत्राने करून मांस कड्यांवर टाकून का द्यायचं?

मला हा आक्षेप रास्त वाटतो. परिणामांच्या हिशेबात हेलिकॉप्टरच सरस होतं, यात वाद नाही. पण हा डोंगर ज्यांच्या घामाचा आहे, त्यांना आधी संधी द्यायला हवी होती. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकी संसदेच्या एका मोठ्या भूसंवर्धन कायद्याने उद्यानांमध्ये अशा कामासाठी पात्र स्वयंसेवक घेण्याची वाट आणखी मोकळी केली होती. नॉर्थ डकोटातल्या थिओडोर रूझवेल्ट उद्यानाने तर २०१० मध्येच एल्क हरणांची संख्या कमी करायला स्वयंसेवक वापरले होते. म्हणजे नमुना समोर होता. शरद ऋतूत माणसं पाठवून हिवाळ्यात उरलेल्या बकऱ्यांसाठी हेलिकॉप्टर आणलं असतं, तर फेब्रुवारीचा तो दिवस इतका कडू झाला नसता.

पायी मोहिमेचं नियोजन

आता गाभ्याचा भाग. १०८ माणसं हत्यारांसह एका राष्ट्रीय उद्यानात सोडायची तर काय काय ठरवावं लागतं?

माणसं निवडताना उद्यानाने नेमाची परीक्षा ठेवली. २०० यार्डांवर, म्हणजे साधारण १८३ मीटरवर, ८ इंचांच्या वर्तुळात पाचपैकी तीन गोळ्या लागल्या पाहिजेत. मैदानावर ही कसोटी फार अवघड नाही. खरी परीक्षा पुढे होती. समजा बकरा १८० मीटरवर आहे आणि उतार ४० अंशांचा. गुरुत्वाकर्षणाला गोळी खाली ओढायला मिळणारं अंतर आडवं मोजायचं असतं आणि ते इथे १३८ मीटरच भरतं. पूर्ण १८० मीटर धरून नेम लावला तर गोळी वर जाते, चढावर मारा किंवा उतारावर मारा. त्यात धाप लागलेली, बोटं गारठलेली आणि रायफल टेकवायला पाठीवरची सॅक. म्हणून माझ्या मते परीक्षेतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य अंतराचं होतं: एवढ्याच पल्ल्यात मारायची तयारी ठेवा, पुढे जवळ जाणं हे तुमच्या पायांचं काम.

गोळ्या शिसं नसलेल्या, तांब्याच्या. शिशाची गोळी शरीरात फुटते आणि तिचे बारीक कण मांसात व आतड्यांत विखुरतात. मागे राहिलेलं खायला कावळे, गरुड, अस्वलं येतात आणि ते विष त्यांच्या पोटात जातं. एका प्रजातीला वाचवायला निघालेल्या मोहिमेने दुसरीला विष घालणं अक्षम्य ठरलं असतं.

माणसं एकेकटी घेतली नाहीत, गट घेतले. डोंगराचे विभाग पाडून एका वेळी एका विभागात एकच गट, अशी रचना केली. यामागे सुरक्षितता आहेच. दोन गट एकाच दरीच्या दोन बाजूंना असले तर एकाची गोळी कुठे जाईल हे दुसऱ्याला कळत नाही. पण त्यात जनावराचाही विचार आहे. बकऱ्याची नजर तीक्ष्ण असते आणि त्याचा जन्म खालून येणाऱ्या धोक्याकडे पाहण्यात गेलेला असतो. एकदा बिथरला, की तो अशा कातळावर जाऊन उभा राहतो जिथे माणसाने पाहत बसण्यापलीकडे काही करू नये. एका दरीत दोन गट हिंडले तर दोघांचेही दिवस फुकट जातात.

वाटांचं म्हणाल तर कॅस्केड आणि पेंटब्रश या दऱ्यांत चांगल्या पायवाटा आहेत. त्यांच्या उत्तरेला ली आणि मोरान या दऱ्यांत आखलेली वाटच नाही. ली दरीच्या तोंडाशी ली तलाव आडवा येतो, मोरानच्या तोंडाशी जॅक्सन तलावाचा फाटा. बोटीने किंवा कनूने पाणी ओलांडायचं, मग पडलेल्या झाडोऱ्यातून आणि मोठाल्या धोंड्यांतून दरी चढायची. तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून २,०६० मीटरच्या आसपास, बकरे ३,००० मीटरच्या वर. सह्याद्रीत घसाऱ्याची नाळ चढलेल्या माणसाला यातला चढ समजेल, पण वर पोचल्यावर काम सुरू होतं हे लक्षात घ्या.

गटाचं वेळापत्रक प्रकाशावर बेतावं लागतं. सप्टेंबरच्या मध्यात दिवस सुमारे साडेबारा तासांचा असतो, नोव्हेंबरच्या मध्यात पावणेदहा तासांचा. दरम्यान बर्फ कधीही पडतं. सकाळी थंड हवा दरीत खाली वाहते, ऊन चढलं की उलट वर. म्हणून शहाणा गट अंधारात निघून बकऱ्यांपेक्षा वर पोचतो आणि दुपारी वरून त्यांच्याकडे उतरतो. वर जाणारी हवा तेव्हा माणसाचा वास त्यांच्यापासून दूर नेते आणि त्यांचं लक्ष खालीच असतं. अर्थात वर जायला जागा असेल तर. टीटॉनमध्ये अनेक कड्यांच्या वर फक्त आणखी कडा आहे.

मग तो निर्णय, ज्यावर माझ्या मते माउंटन गोटची प्रत्येक शिकार चांगली किंवा वाईट ठरते: गोळी लागल्यावर जनावर कुठे पडेल? हा प्राणी चिवट आहे. वर्मी गोळी लागल्यावरही तो दोन पावलं टाकतो आणि ती दोन पावलं बहुधा कड्याकडे असतात. दोनशे मीटर खाली कोसळलेल्या बकऱ्याचं मांस खाण्याजोगं राहत नाही आणि त्याच्यापर्यंत पोचायला गेलेला माणूसही तिथेच अडकू शकतो. नेहमीच्या शिकारीत याचं उत्तर सरळ आहे, जनावर सपाटीवर येईपर्यंत थांबायचं किंवा सोडून द्यायचं. इथे उद्दिष्ट बकरा काढण्याचं असल्यामुळे मोह मोठा होता: पडेना का कुठेही. या जागी गटप्रमुखाचा शब्द रायफल धरणाऱ्यापेक्षा वरचा असायला हवा आणि तो शब्द दरीत शिरण्याआधी, तळावर बसून ठरलेला असायला हवा. समोर बकरा उभा असताना चर्चा होत नाही.

जनावर मिळालं तरी ते खाली आणायचं असतं. मोठ्या नराची हाडं बाजूला काढली तरी तीस किलोच्या पुढे मांस निघतं. ते पाठीवर घेऊन, वाट नसलेल्या दरीतून, कमी होत जाणाऱ्या उजेडात उतरायचं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा अस्वलांचा हिवाळ्याआधीचा अधाशी काळ. टीटॉनमध्ये काळी अस्वलंही आहेत आणि ग्रिझलीही. ताज्या मांसाचा वास घेऊन ग्रिझली येईल असं धरूनच वागायचं. एकाने कापायचं, दुसऱ्याने हातात अस्वलांसाठीचा तिखट फवारा घेऊन आजूबाजूला पाहत उभं राहायचं. मांस उरलेल्या आतड्यांपासून लगेच दूर न्यायचं, नजरेत राहील अशा उघड्या जागी ठेवायचं आणि तंबूच्या जवळ अजिबात नाही. परत दुसऱ्या खेपेला येताना दुरूनच दुर्बिणीने पाहायचं. अस्वलाने ताबा घेतला असेल तर ते मांस त्याचं झालं.

पुढे काय झालं

त्या हंगामात स्वयंसेवकांनी ४३ बकरे काढले. पुढच्या वर्षी, २०२१ च्या शरदात, आकडा २० वर आला. स्वयंसेवक ढिले पडले असं यातून काढू नये. सोप्या जागचे बकरे संपले होते आणि उरलेले माणूस दिसताच कातळांत शिरायला शिकले होते. दहापैकी पहिली सात जनावरं काढण्याचे कष्ट आणि शेवटची तीन काढण्याचे कष्ट यांचं गणित वेगळं असतं. मोरान आणि लीच्या वरच्या भिंतींवर एखादा कसलेला गिर्यारोहक दोर लावून पोचेलही, पण दोराला लटकून रायफल चालवायला कुणी सांगू नये. २०२२ च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टर पुन्हा आलं आणि पन्नासहून जास्त बकरे मारले गेले. या वेळी काम दोन वर्षांपूर्वीसारखं एका दिवसात बंद पडलं नाही.

मी क्रमाबद्दल जे म्हटलं त्याला इथे आधार मिळतो. दोन शरद ऋतू माणसं चढली, मांस खाली आलं आणि पायी किती होतं, कुठे थांबतं, हे सगळ्यांनी पाहिलं. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाने हा विचार आणखी पायऱ्यांनी केला. तिथेही बकरे १९२० च्या दशकात बाहेरून आणलेले. २०१८ ते २०२० मध्ये तिथून ३२५ बकरे जिवंत पकडून त्याच राज्यातल्या कॅस्केड पर्वतात, त्यांच्या मूळ मुलखात, नेऊन सोडले. मारण्याची पायरी त्यानंतरची. टीटॉनच्या बकऱ्यांना असं जवळचं मूळ घर नव्हतं आणि रोगाची शंका असलेलं जनावर दुसऱ्या कळपात सोडणं धोक्याचं होतं.

दोन कामं मात्र उरली आहेत. स्नेक रिव्हर रांगेतला मूळ कळप तसाच आहे आणि तिथला एखादा तरणा नर कधीही उत्तरेकडे निघू शकतो. एखादी मादी त्याच्यामागून आली तर दहा वर्षांत पुन्हा तीच कथा. दक्षिण टोकावर दुर्बीण घेऊन बसणारा माणूस आणि राज्याने चालू ठेवलेले परवाने, दोन्ही लागतील.

दुसरं काम मला जास्त अवघड वाटतं. बकरे गेले तरी मेंढ्या अजून त्याच उघड्या धारांवर हिवाळा काढतात आणि त्या धारांवर आता बर्फावर स्की करणारे येतात. स्कीवाला वरून सरकत आला की मेंढ्या पळतात आणि त्यांची चरबीची शिल्लक वितळते. उद्यानाने स्टॅटिक पीक, प्रॉस्पेक्टर्स माउंटन आणि माउंट हंट यांचे काही भाग हिवाळ्यात बंद ठेवले आहेत, पण मेंढ्यांच्या जागा त्यापलीकडेही आहेत. तिथे जाऊ नका हे सांगायला रायफल लागत नाही, हेलिकॉप्टरही लागत नाही. जॅक्सनच्या आणि पश्चिमेकडच्या गावांतल्या स्कीवाल्यांबरोबर बैठका होतात, नकाशे पुढ्यात ठेवून एकेका उतारावर वाद होतो आणि कोणता उतार सोडायचा हे अजून ठरत आहे.